एकी नको, उसनवारी चालेल

मी शाफई आहे. तालुक्याच्या शाळेत इतिहास शिकवत असताना हे कुणाला सांगायची वेळ आली नाही, कारण स्टाफरूममध्ये मी नुसती 'मुसलमान' होते आणि तेवढ्यावर सगळ्यांचं भागत होतं. रमजान लागला की कुणीतरी विचारायचं, "बाई, तुमच्यात कसं असतं हो?" तुमच्यात म्हणजे नेमकं कुणाच्यात, हा उलटा प्रश्न ओठांवर यायचा. पण मधली सुट्टी ती केवढी! आता निवृत्त आहे, वेळच वेळ आहे, म्हणून सविस्तर सांगते.

कोकणात इस्लाम समुद्रावरून आला. येमेन, हद्रमौत या बाजूच्या व्यापाऱ्यांबरोबर त्यांचा शाफई मजहबही (मजहब म्हणजे धर्मकायद्याची परंपरा) गलबतांतून उतरला आणि मलबार, भटकळ, कोकण असा किनारा धरून पार इंडोनेशियापर्यंत पोचला. उत्तरेत आणि घाटावर इस्लाम खुष्कीच्या मार्गानं आला, तो बहुतांशी हनफी. माहीमच्या ज्या दर्ग्यात उरुसाचा पहिला संदल मुंबई पोलिसांचा असतो, ते मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) शाफई होते आणि कुराणावर अरबीत भाष्य लिहिणारे गाढे पंडित होते. तिथं नवस बोलायला येणाऱ्या बहुतेकांना याचा पत्ता नसतो. नसला म्हणून काही बिघडतही नाही.

माझी सून मिरजेची, म्हणजे हनफी. लग्न होऊन आली त्या वर्षी मी कौतुकानं तिसऱ्यांचं सुकं केलं, तर ताटाकडे बघून म्हणाली, "अम्मी, हे आमच्यात चालत नाही." खरंच चालत नाही. हनफी फिकहप्रमाणे, म्हणजे धर्मकायद्याप्रमाणे, पाण्यातल्या जिवांत मासा तेवढा हलाल. तिसऱ्या, कालवं, म्हाकुळ बाद. शाफईंना समुद्रातलं बहुतेक सगळं चालतं. बंदरावर राहणाऱ्यांचा मजहब दुसरा कसा असणार! कोळंबीचं प्रकरण आणखी मजेदार. कोळंबी मासा आहे की नाही यावर हनफी उलेमांमध्येच एकमत नाही. माझ्या सुनेनं यथावकाश कोळंबीला मासा ठरवलं, तिसऱ्यांना मात्र अजून नाही. असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, नमाजेचंही तसंच. वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी वाढली की आमची असर सुरू होते, हनफींची ती दुप्पट झाल्यावर. मोबाइलमधलं अजानचं अॅप सुरुवातीलाच विचारतं, हनफी की इतर? तेव्हापासून आमच्या घरात दोन मोबाइल दोन वेळेला असरची अजान देतात आणि माझा नवरा दोन्ही वेळेला दचकून उठतो.

एवढ्यातेवढ्यावरून माणसं एकमेकांच्या जिवावर उठतील असं कुणाला वाटेल का? पण उठली आहेत. याकूत नावाचा भूगोलकार १२२०च्या सुमारास, मंगोलांची धाड पाठीवर असताना, आजच्या तेहरानच्या दक्षिणेला असलेल्या रय शहरातून गेला. शहराचा बराचसा भाग ओसाड पडला होता. कारण विचारल्यावर त्याला कळलं की शहरात तीन गट होते. शिया सर्वांत जास्त, मग हनफी, आणि शाफई सर्वांत कमी. आधी हनफी आणि शाफई एक झाले आणि त्यांनी शियांचा निकाल लावला. मग त्या दोघांची आपसात जुंपली आणि थोडके असूनही शाफई जिंकले. जे उरले त्यांनी घरं जमिनीखाली बांधली होती, अंधाऱ्या वाटांची, शत्रूला दार सापडू नये म्हणून. त्याआधी बाराव्या शतकात निशापूरसारखं विद्येचं शहर मोडकळीला आलं, त्यातही याच दोघांच्या मारामाऱ्यांचा मोठा वाटा होता. मुलांना मी हा भाग कधी शिकवला नाही, अभ्यासक्रमात नव्हता. आज 'हनफी-शाफई दंगल' असा मथळा कुठं छापून आला तर छपाईची चूक वाटेल.

मग मधल्या काळात झालं काय? दोघांतले फरक मिटले का? एकही मिटला नाही. सावलीचं माप तेच, तिसऱ्या त्याच. हळूहळू एवढंच झालं की शेजाऱ्याची नमाजही नमाजच आहे, तिच्यानं भागतं, हे दोन्हीकडच्या पंडितांनी आणि मग लोकांनी धरून चाललं. मुसलमानांची एकी या विषयावर मी आजवर जे ऐकलं-वाचलं, त्यात ही बाब सर्वांत दुर्लक्षित आहे. भाषणं सगळी फरक मिटवण्याची असतात. मुळात फरकांमुळे भांडण होतं हेच मला पटत नाही. पुरावा आपल्याच देशात आहे. देवबंदचा मदरसा १८६६चा. बरेलीचे अहमद रजा खाँ (१८५६–१९२१) त्याच काळातले. दोन्ही परंपरा हनफी, नमाजेची रीत एक, फिकहची पुस्तकं एक, सावलीचं माप एक. तरी १९०६ साली अहमद रजा खाँ यांनी देवबंदच्या काही थोर उलेमांना काफिर ठरवणारे फतवे प्रसिद्ध केले आणि आज कित्येक गावांत एक दुसऱ्याच्या मागे उभा राहत नाही. आम्ही शाफई इतके वेगळे, आणि आम्हाला मात्र दोन्हीकडे जागा असते.

असते, असं म्हणायची पद्धत आहे. मुंबईच्या एका उपनगरात नात्यातल्या लग्नाला गेलो होतो. माझ्या नवऱ्यानं शेजारच्या मशिदीत रुकूला जाताना आपल्या रीतीप्रमाणे हात उचलले, फातिहा संपल्यावर आमीन मोठ्यानं म्हटलं. सलाम फेरल्यावर बाजूचा तरुण अगदी सौम्यपणे म्हणाला, "चाचा, आप लोगों की मस्जिद उधर है।" त्यानं यांना अहले-हदीस, म्हणजे कुठलाच मजहब न मानणाऱ्या पंथाचे, समजलं होतं. बाहेर आल्यावर दारावरची पाटी दिसली. कुठल्या मस्लकच्या, म्हणजे पंथाच्या, लोकांनी आत येऊ नये आणि आल्यास होणाऱ्या परिणामांना ट्रस्ट जबाबदार नाही, असा मजकूर होता. मशिदीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण तशी ती एकटी नाही. या पोराला फिकह ठाऊक नव्हतं. हात उचलणं ही इमाम शाफईंची बाराशे वर्षांची रीत आहे हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याला फक्त गट ओळखायला शिकवलं होतं. आधुनिक काळानं धर्मात नवं काय आणलं असं कुणी विचारलं तर मी ही पाटी दाखवीन.

एकी करायचे दोन मार्ग गेल्या शंभर वर्षांत मुसलमानांनी करून पाहिले. त्यातला पहिला हुकमाचा. हजला गेलेल्यांना ठाऊक आहे की काबागृहाभोवती एकच इमाम आणि त्याच्यामागे साऱ्या जगाच्या रांगा असतात. डोळे भरून येतात ते खरंच. पण हे दृश्य प्राचीन नाही. कित्येक शतकं तिथं सुन्नींच्या चार मजहबांचे चार इमाम आपापल्या जागी, एकामागून एक नमाज पढवीत. ११८३ साली तिथं पोचलेला प्रवासी इब्न जुबैर आणि नंतरचा इब्न बतूता, दोघांनीही लिहून ठेवलंय की मगरिबची वेळ थोडकी, म्हणून ती चौघं एकदमच सुरू करत आणि मग एकाच्या तकबीरवर दुसऱ्याची माणसं रुकूला जात, असा गोंधळ उडे. १९२४ साली मक्का सौदी राज्याचा संस्थापक इब्न सौद याच्या ताब्यात आली आणि काही वर्षांतच चाराचा एक इमाम झाला. कुणाला वाईट वाटलं? फारसं नाही. पण त्याच दशकात त्याच सत्तेनं मदिनेतल्या जन्नतुल बकी कब्रस्तानातल्या पैगंबरांच्या घराण्यातल्या माणसांच्या कबरींवरचे घुमट जमीनदोस्त केले. शिया आजही त्या दिवसाचा शोक पाळतात. एकीचा हुकूम देणारा हात आणि घुमट पाडणारा हात एकच होता, हे विसरून चार इमामांच्या जागी एक आल्याचं कौतुक मला करता येत नाही.

गंमत अशी की त्याच जागी, हुकमाशिवाय, दुसरीच एक एकी चालू असते. शाफई मजहबात परक्या बाईला पुरुषाचा आणि पुरुषाला बाईचा नुसता हात लागला तरी वजू, म्हणजे नमाजेआधीची शुद्धी, जातं. हनफींमध्ये तेवढ्यानं जात नाही. आता तवाफच्या, म्हणजे काबाभोवतीच्या प्रदक्षिणेच्या, त्या गर्दीत हात न लागता सात फेरे घालून दाखवा! म्हणून आमच्या जमातीतून निघणाऱ्या हाजींना मौलवी आधीच सांगून ठेवतात की तवाफपुरतं हनफी मत धरा. इंडोनेशियाचे शाफईही तसंच करतात. उलट रमजानमध्ये उमऱ्याला गेलेले आपल्याकडचे हनफी तिथं रात्रीची वित्र नमाज दोन आणि एक अशी तोडून पढताना बघून आधी चक्रावतात, मग मुकाट्यानं इमामाच्या मागे राहतात. कुणी कुणाचा मजहब सोडला नाही. अडल्या वेळी शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसं मत उसनं घेतलं. मला पटलेली एकी एवढीच आहे.

दुसरा मार्ग संवादाचा. त्याची गोष्ट कैरोत घडली आणि ती मला फार आवडते, शेवट ठाऊक असूनही.

त्याआधी जमालुद्दीन अफगाणींचं नाव घ्यायला हवं, कारण साऱ्या मुस्लिम जगानं एक व्हावं हा घोष एकोणिसाव्या शतकात त्यांच्याइतक्या मोठ्यानं कुणी केला नाही. काबूल, कैरो, पॅरिस, इस्तंबूल आणि मधल्या काळात आपलं हैदराबादसुद्धा ते फिरले. हे गृहस्थ नाव लावत अफगाणी, पण अभ्यासकांच्या मते त्यांचा जन्म इराणातल्या असदाबादचा आणि घरचा पंथ शिया. सुन्नी जगात आपलं कुणी ऐकणार नाही म्हणून एकीच्या सर्वांत मोठ्या पुरस्कर्त्यानं स्वतःची ओळख जन्मभर झाकून ठेवली. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं आणि नंतर बराच वेळ अस्वस्थ वाटत राहिलं.

मुहम्मद तकी कुम्मी या इराणी शिया मौलवींनी तसं काही झाकलं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच ते कैरोत आले होते. त्याच सुमारास, १९३९मध्ये, इजिप्तचा राजा फारूक याची बहीण फौजिया हिचा इराणच्या युवराजाशी निकाह लागला. सुन्नी राजकन्या, शिया नवरा. (तो संसार दहा वर्षंही टिकला नाही, कारणं धर्माची नव्हती.) १९४७मध्ये कुम्मींच्या खटपटीनं कैरोत एक संस्था उभी राहिली, दारुत्तकरीब. मजहब एक करण्यासाठी नव्हे, मजहबांना एकमेकांजवळ आणण्यासाठी. हे त्यांनी पहिल्यापासून ठासून सांगितलं: सुन्नीनं शिया व्हायचं नाही, शियानं सुन्नी व्हायचं नाही. जमालेक भागात कचेरी, आणि १९४९पासून 'रिसालतुल इस्लाम' नावाचं त्रैमासिक. त्यात कैरोतल्या अल-अजहर या मशीद-विद्यापीठाचे उलेमा आणि नजफ-कुमचे शिया मुज्तहिद शेजारी शेजारी लिहीत. कुमचे आयातुल्लाह बुरुजर्दी आणि अजहरचे शेख यांच्यात पत्रव्यवहार चाले. इजिप्तच्या सरकारी औकाफ खात्यानं शिया फिकहचं 'अल-मुख्तसर अन-नाफे' हे जुनं पुस्तक छापलं. ज्या अल-अजहरमध्ये हे घडत होतं ती मुळात दहाव्या शतकात इस्माइली शिया फातिमींनी बांधलेली, हे इतिहासाच्या शिक्षिकेनं सांगितल्याशिवाय राहू नये.

या सगळ्याचा कळस म्हणजे महमूद शलतूत. १९५८मध्ये ते अल-अजहरचे शेख झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी फतवा दिला. जाफरी, म्हणजे बारा इमामी शिया, मजहबाप्रमाणे इबादत करणं सुन्नी मजहबांप्रमाणेच शरियतला धरून आहे आणि कुणाही मुसलमानाला कुठल्याही एकाच मजहबाला चिकटून राहण्याचं बंधन नाही, असा त्याचा आशय. बंधुभाव, प्रेम, उम्मत असे शब्द वापरून शलतूतना टाळ्या मिळवता आल्या असत्या. त्यांनी मुद्दा नमाज-रोज्यापुरता, कायद्याच्या भाषेत मांडला. शिया खाक-ए-शिफाच्या मातीच्या वडीवर सिजदा करतात, हात मोकळे सोडून उभे राहतात, जुहर-असर एकत्र पढतात. ते असेना का, त्यांची नमाज नमाजच आहे. पहिल्या खलिफाचा वाद, करबला, सहाबांविषयीचा आदर या भळभळत्या प्रश्नांना त्यांनी हातही लावला नाही. काही जण याला पळवाट म्हणतात. मला तो शहाणपणा वाटतो. हनफी-शाफईंचं भांडण ज्या रीतीनं निवालं तीच रीत त्यांनी पुढं वाढवायला घेतली होती.

मग ते का फसलं? धर्मपंडितांमुळे नव्हे, निदान मुख्यत्वे नव्हे. जुलै १९६०मध्ये इराणच्या शहानं इस्रायलला असलेली मान्यता उघड बोलून दाखवली, इजिप्तचा अध्यक्ष नासिर यानं इराणशी संबंध तोडले आणि शलतूतना शहाला निषेधाची तार धाडावी लागली. १९६१मध्ये कायदा करून नासिरनं अल-अजहर सरकारच्या मुठीत घेतली. त्याच वर्षी बुरुजर्दी गेले, १९६३मध्ये शलतूत. त्रैमासिक रडतखडत १९७२पर्यंत चाललं. खरं सांगायचं तर फतवा आला तोही राजकारणाच्या अनुकूल वाऱ्यावर. अरब जगाचं पुढारीपण करू पाहणाऱ्या नासिरला इराक-लेबनॉनचे शिया हवेच होते. ज्या वाऱ्यानं शीड फुगलं त्यानंच तारू उलटवलं.

नंतरचा भाग पटापट सांगते, कारण त्यात परिषदाच फार आहेत. १९७९च्या क्रांतीनंतर इराणनं बारा ते सतरा रबीउल अव्वल हा 'हफ्ता-ए-वहदत', म्हणजे एकीचा आठवडा, ठरवला. पैगंबरांचा जन्मदिवस सुन्नी बाराला मानतात, शिया सतराला. भांडण्यापेक्षा मधले दिवस मिळून साजरे करा! कल्पना झकास. पण त्याच वर्षांत इराण आणि इराक एकमेकांची तरुण पोरं आठ वर्षं मारत होते. २००५मध्ये जॉर्डनच्या राजानं अम्मानला पन्नासाहून अधिक देशांतल्या उलेमांना बोलावलं. त्यांनी चार सुन्नी, दोन शिया, शिवाय इबादी आणि जाहिरी असे आठ मजहब ग्राह्य ठरवले आणि त्यांच्या अनुयायांना काफिर म्हणायला बंदी घातली. इस्माइलींचे आगा खान यांनीही पत्र पाठवून आपलं नातं जाफरी मजहबाशी जोडून घेतलं. हा जाहीरनामा जुलैचा. सप्टेंबरमध्ये अबू मुसअब जरकावी या जॉर्डनमध्येच जन्मलेल्या माणसानं इराकी शियांविरुद्ध सर्वंकष युद्ध पुकारलं आणि ९ नोव्हेंबरला त्याच्या लोकांनी अम्मानमधल्याच तीन हॉटेलांत बॉम्ब उडवले. त्यांतल्या एकात लग्न चाललं होतं. साठच्या आसपास माणसं गेली. अजून परिषदा होतातच. त्या वाईट नसतात. पण यादी केली की यादीबाहेरचे कोण, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

पाकिस्तानात तो आधीच उभा राहिला होता. १९५३मध्ये लाहोरात अहमदियांविरुद्ध दंगे झाले. चौकशीला बसलेल्या न्यायमूर्ती मुनीर आणि कयानी यांनी साक्षीला आलेल्या एकेका बड्या मौलानाला साधा प्रश्न विचारला, मुसलमान कोण? १९५४च्या अहवालात त्यांनी ती उत्तरं ओळीनं मांडली आणि खाली निष्कर्ष नोंदवला. दोन उलेमांचं उत्तर एक नाही. एकाची व्याख्या धरावी तर उरलेल्यांच्या हिशेबानं आपण सगळे काफिर. एवढं छापून आल्यावर सरकारनं हा विषय सोडून द्यायला हवा होता. १९७४मध्ये घटनादुरुस्ती करून संसदेनंच अहमदियांना मुसलमानांतून वगळलं. पाच वर्षांनी अहमदिया असलेल्या अब्दुस सलाम यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. रबवा इथल्या त्यांच्या कबरीच्या दगडावर 'पहिले मुस्लिम नोबेलविजेते' असा मजकूर होता. त्यातला 'मुस्लिम' हा शब्द नंतर पुसून टाकला गेला. वाक्यात मधेच मोकळी जागा असलेला तो दगड मी फोटोत पाहिलाय. एकी कुणाला सांगायची असेल त्यानं आधी तो फोटो बघावा.

आता माझ्या खऱ्या मुद्द्याकडे येते. कैरो, कुम, अम्मान सगळीकडे या विषयावर बोलले ते पुरुष. नमाज कुणामागे पढायची हा त्यांना पेच वाटला, कारण मशिदीत तेच जातात. बायकांच्या वाट्याला मजहब येतो तो निकाह, तलाक आणि वारशात. तिथं शेजारचं मत उसनं मिळतं की नाही, यावर आयुष्य ठरतं.

माझ्या एका विद्यार्थिनीचा नवरा आखातात नोकरीला गेला. वर्षभर पैसे आले, मग फोन बंद, पत्ता बंद. पदरात मुलगी. जमातीतल्या बुजुर्गांनी सबर करायला सांगितलं, आणि त्यांच्या पुस्तकाप्रमाणे ते बरोबरच होते. शाफईंच्या रूढ मतानं नवऱ्याच्या मृत्यूची खात्री होईपर्यंत बाई त्याचीच. हनफींचं तर नवरा नव्वद वर्षांचा होईल इतका काळ थांबा! मालिकी मजहब मात्र चार वर्षं म्हणतो. ही मुलगी कोर्टात गेली. नवऱ्याच्या वारसांना नोटिसा निघाल्या, त्याच्या भावाला आणि चुलत्याला पक्षकार करावं लागलं, हुकूमनामा झाल्यावरही तो सहा महिने थांबून मग अमलात आला. पण सुटली. कोकणातली शाफई मुलगी मोरोक्कोकडच्या मालिकी मतावर सुटली, ती १९३९च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यामुळे.

आणि तो कायदा आला कुठून? पंजाबात त्रासलेल्या बायका नवऱ्यापासून सुटण्यासाठी इस्लाम सोडल्याचं जाहीर करू लागल्या होत्या, कारण हनफी कायद्यात सुटायला दुसरी वाटच जवळजवळ नव्हती. तेव्हा देवबंदी परंपरेतले मौलाना अशरफ अली थानवी, मजहब सोडून इकडे-तिकडे जायला कडवा विरोध असलेले, जागे झाले. त्यांनी मदिनेच्या मालिकी उलेमांना पत्रं लिहून त्यांची मतं मागवली आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला 'अल-हीला अन-नाजिजा' हे पुस्तक काढलं: गरजेपोटी हनफी बाईला मालिकी मतानं सोडवावं. त्यावर काझमी नावाच्या सदस्यानं १९३६मध्ये केंद्रीय विधिमंडळात विधेयक मांडलं. निवाडा मुस्लिम न्यायाधीशानंच करावा हे कलम सरकारनं गाळलं म्हणून उलेमा रुसले, तो भाग वेगळा. याच थानवींचं 'बहिश्ती जेवर' माझ्या आईच्या कपाटात होतं, रुखवताबरोबर आलेलं. शाफई घरात हनफी पुस्तक. बाईनं कसं वागावं याबद्दलची त्यांची बरीच मतं मला सोसत नाहीत. पण मजहबांतल्या संवादातून हाडामासाच्या बाईला काही मिळाल्याचं एवढं ठळक उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही, आणि ते एकीचा एक शब्द न उच्चारता घडलं.

असं आणखी कितीतरी घेण्यासारखं पडून आहे. एका बैठकीतल्या तीन तलाकांना शिया मानतच नाहीत, अहले-हदीस एकच धरतात. इजिप्तनं १९२९मध्येच कायद्यानं एक धरला. काही प्रश्नांत, तलाकच्या या प्रश्नात विशेष, जाफरी मत आपल्याला अधिक सबळ वाटतं, असं शलतूत सांगत. वारशाचंही तेच. सुन्नी बापाला नुसत्या मुलीच असल्या तर त्यांचा दोन तृतीयांश गेल्यावर उरलेल्यावर चुलता हक्क सांगतो. जाफरी मजहबात मुली असताना चुलत्याला काही नाही. आमच्याकडे ज्यांना नुसत्या मुलीच आहेत ते बाप हयातीतच बक्षीसपत्र करून मोकळे होतात. म्हणजे मत मनातून पटलेलं आहे, तोंडानं म्हणायचं नाही एवढंच.

मग आपल्याकडे असं का झालं नाही? एकी झाली म्हणून! डिसेंबर १९७२मध्ये मुंबईत मोठं अधिवेशन भरलं. दत्तक विधेयक आणि समान नागरी कायद्याच्या धास्तीनं देवबंदी, बरेलवी, अहले-हदीस, शिया सारे एका मंचावर आले आणि त्यातून मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड जन्मलं. रय आणि लाहोरनंतर हे दृश्य सुखावणारं वाटायला हवं. पण ही एकी टिकवण्याची अट अशी पडली की कुणाच्या कायद्याला कुणी हात लावायचा नाही. सगळे जवळ आले आणि उसनवारी बंद झाली. त्याच्या सहा वर्षं आधी, १८ एप्रिल १९६६ रोजी, सात मुस्लिम बायका तोंडी तलाकविरुद्ध मुंबईच्या विधानभवनावर चालून गेल्या होत्या. त्यांना घेऊन जाणारे हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, आमच्याच कोकणातले. दलवाईंचा रस्ता धर्मग्रंथांतून जाणारा नव्हता आणि त्यांच्याशी माझे मतभेद आहेत. पण बोर्डाच्याच मंचावर बसलेल्या अहले-हदीस आणि शिया मौलानांचं तलाकचं मत हनफींनी उसनं घेतलं असतं, तर २२ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाला तीन विरुद्ध दोन असा निकाल द्यावा लागला नसता आणि त्यानंतर नवऱ्याला तुरुंगात घालणारा कायदाही आला नसता. थानवींना १९३०च्या दशकात जे सुचलं ते त्यांच्याच वारसांना एवढ्या वर्षांत सुचू नये, याचा मला राग आहे.

म्हणून वाचकांतल्या मुस्लिम बायांना, आणि ऐकतील त्या पुरुषांनाही, माझी विनंती आहे. तुमच्या गावात इत्तेहादचा, म्हणजे एकीचा, जलसा होईलच. मांडव पडेल, भोंगे लागतील, चंद्याचे डबे फिरतील. तेव्हा स्टेजवरच्या मौलानांकडे एक चिठ्ठी पाठवा: शेजारच्या मजहबातला कोणता निवाडा तुम्ही आमच्या लेकीसुनांसाठी घ्यायला तयार आहात, नावानिशी सांगा. उत्तर आल्याशिवाय डब्यात पैसे टाकू नका.